गवाही कोण देणार?
कस्तुरबानगरच्या बाया आणि पालेर्मोची छायाचित्रकार

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ रोजी जे घडले ते आम्हा नागपूरकरांच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. पोलिसांच्या पहाऱ्यात हजर केलेल्या एका आरोपीला भर दुपारी, न्यायालयाच्या ७ क्रमांकाच्या खोलीत, जमावाने ठार केले. मिरचीपूड डोळ्यांत गेली, चाकू निघाले आणि अंगावर सत्तरहून अधिक वार झाले. मेलेला होता अक्कू यादव, जरीपटक्याजवळच्या कस्तुरबानगर वस्तीचा गुंड. आणि मारणाऱ्या, असे त्या दिवसापासून सारे जग म्हणते, त्याच वस्तीतल्या बाया होत्या.

या घटनेवर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर तीन भागांची माहितीपट मालिका आली, ‘इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’. दिग्दर्शक आपले मराठी, ‘वळू’ आणि ‘देऊळ’वाले उमेश विनायक कुलकर्णी. त्याआधी २०१९ मध्ये आणखी एक माहितीपट आला होता, ‘शूटिंग द माफिया’. तो आहे इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातील लेतित्सिया बात्तालिया या महिला वृत्तछायाचित्रकाराबद्दल. तिने माफियांसमोर चाकू धरला नाही, कॅमेरा धरला.

एक नागपूर, एक पालेर्मो. दोन्हीकडे संघटित गुंडगिरी, दोन्हीकडे मिंधे झालेले अधिकारी, दोन्हीकडे भीतीने तोंडाला कुलूप लावून बसलेली माणसे, आणि शेवटी उभ्या राहिलेल्या बाया. मात्र दोघींचे रस्ते वेगळे. या दोन कहाण्या आम्ही शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा एकच प्रश्न समोर आला: जुलूम होताना पाहणाऱ्याने काय करावे? आपल्या दीनने ज्याला शहादत म्हटले, गवाही म्हटले, ती आज आपल्या मोहल्ल्यात कोण देणार?

कस्तुरबानगरमध्ये काय घडले

कस्तुरबानगर ही मुख्यतः दलित कुटुंबांची, रोजंदारीवर जगणारी वस्ती. अक्कू यादवची दहशत तिथे दहा वर्षांहून अधिक काळ चालली. खंडणी, मारहाण, घरात शिरणे, खून आणि बायका-मुलींवर अत्याचार असे आरोप त्याच्यावर होते. बलात्कार हे त्याचे हत्यार होते, असे वस्तीतल्या बाया सांगतात. कोणी विरोध केला की त्या घरातल्या बाईला लक्ष्य करायचे, म्हणजे ते घरही गप्प आणि शेजारची दहा घरेही गप्प.

बाया पोलिसांकडे गेल्या नव्हत्या असे नाही. गेल्या, पण त्यांचेच म्हणणे असे की तक्रार करणारीचे नाव संध्याकाळपर्यंत गुंडापर्यंत पोहोचायचे. कुंपणच शेत खात असेल तर शेताने दाद कोणाकडे मागायची? त्याला अनेकदा अटक झाली आणि तो दर वेळी सुटून आला. प्रत्येक सुटकेने वस्तीला धडा मिळाला की बोलून उपयोग नाही.

वस्तीत शिकलेली कुटुंबे थोडी होती. त्यांपैकी एक नारायणे यांचे. त्यांची मुलगी उषा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, बाहेर नोकरी करू शकणारी. २००४ च्या उन्हाळ्यानंतर तिने तक्रार केली तेव्हा गुंड टोळी घेऊन दारात आला आणि ॲसिड टाकण्याची धमकी देऊ लागला. उषाताईंनी दार लावले, गॅसचे सिलिंडर उघडले आणि आत आलात तर काडी ओढीन, सगळेच मरू, असे बजावले. त्या दिवशी टोळी मागे फिरली. वस्तीला पहिल्यांदा दिसले की हा माणूसही घाबरतो. ६ ऑगस्टला जमावाने त्याचे घर जाळले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. १३ तारखेला त्याला न्यायालयात आणले, तो पुन्हा जामिनावर सुटणार अशी हवा पसरली आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

काही बायांना अटक झाली तेव्हा शेकडो जणी पुढे आल्या आणि आम्हा सगळ्यांनाच अटक करा म्हणाल्या. खटला दहा वर्षे चालला. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. दिवसाढवळ्या, भरल्या न्यायालयात खून झाला आणि कोणी मारले हे कायद्याच्या दृष्टीने आजही सिद्ध झालेले नाही.

टाळ्या वाजवण्याआधी

ही गोष्ट ऐकली की बहुतेकांच्या तोंडून ‘बरे झाले’ असेच निघते. आम्हीही स्टाफरूममध्ये, लग्नघरात, रिक्षात हेच ऐकले आहे. त्या बायांनी जे सोसले ते ज्याच्यावर आले नाही, त्याने त्यांना उपदेश करू नये, हे आम्हाला मान्य आहे. ज्या व्यवस्थेने दहा वर्षे त्यांची तक्रार ऐकली नाही तिने त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःकडे पाहावे, हेही खरे.

तरीही आपण, या देशातले मुसलमान, जमावाच्या हातातल्या न्यायाला टाळी वाजवू शकत नाही. त्याच २०१४ च्या जूनमध्ये पुण्यात हडपसरला नमाजहून परतणाऱ्या, आयटी कंपनीत काम करणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारले. २०२३ च्या जानेवारीत त्या खटल्यातले आरोपीही निर्दोष सुटले. कस्तुरबानगरचा जमाव आणि हडपसरचा जमाव सारखे नव्हेत, एकामागे वर्षांचा जुलूम होता आणि दुसऱ्यामागे निव्वळ द्वेष. पण जमाव मारतो तेव्हा कोण दोषी आणि कोण निर्दोष हे तपासायला कोणी थांबत नाही, आणि नंतर गवाही द्यायलाही कोणी राहत नाही. आज एका जमावाचा हात आपल्याला न्यायाचा वाटला, तर उद्या दुसरा जमावही स्वतःला न्यायाचाच हात म्हणवेल.

आपल्या शरीअतने शिक्षेचा अधिकार काजीकडे, म्हणजे न्यायव्यवस्थेकडे ठेवला आहे. ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्याही हाती तलवार दिलेली नाही. आरोप करणाऱ्याने पुरावा आणावा ही हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण फिक्हच्या पुस्तकांत पायाच्या दगडासारखी आहे. सूरह माइदामध्ये तर एखाद्या समूहाबद्दलची दुश्मनीसुद्धा तुम्हाला इन्साफपासून हटवू नये, असे बजावले आहे. म्हणूनच प्रश्न कस्तुरबानगरच्या बायांना नाही, आपल्याला आहे. त्या दहा वर्षांत शेजारच्या मोहल्ल्यांतून, शहरातल्या शिकलेल्या घरांतून, वर्तमानपत्रांतून पुरेशी गवाही का उभी राहिली नाही?

पालेर्मोची बाई

आता दुसरी कहाणी. पालेर्मो हे शहर आपल्या वाचकांना अगदीच परके नाही. नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत सिसिलीवर मुसलमानांची सत्ता होती आणि त्यांनी या शहराला बलर्म म्हटले. तिथला ‘कालसा’ मोहल्ला म्हणजे अरबीतला ‘अल-खालिसा’. नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात बसून अल-इद्रीसीने ११५४ मध्ये जगाचा प्रसिद्ध नकाशा आणि भूगोल इथेच पूर्ण केला.

याच शहरात १९३५ मध्ये लेतित्सिया जन्मली. लहानपणी रस्त्यात एका पुरुषाने गैरवर्तन केले आणि वडिलांनी शिक्षा केली ती मुलीला: तिचे बाहेर जाणे बंद. घरातून सुटण्यासाठी तिने सोळाव्या वर्षी लग्न केले. तीन मुली झाल्या. लग्न निभले नाही. तिशी उलटल्यावर तिने पत्रकारिता सुरू केली, आणि लेखाबरोबर फोटो दिला तर पैसे मिळतात म्हणून कॅमेरा हातात घेतला. १९७४ पासून ती ‘ल’ओरा’ या पालेर्मोच्या सांजदैनिकाची छायाचित्रे काढू लागली. हे साधे वर्तमानपत्र नव्हते. माफियांविरुद्ध लिहिल्याबद्दल १९५८ मध्ये त्याच्या कचेरीवर बॉम्ब टाकला गेला होता आणि त्याच्याशी संबंधित तीन पत्रकार जिवानिशी गेले होते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पालेर्मोत माफिया टोळ्यांमध्ये युद्ध पेटले. न्यायाधीश, पोलीस अधिकारी, राजकारणी, दुकानदार, साक्ष देऊ पाहणारे, सारेच मारले जाऊ लागले. खून झाला की लेतित्सिया स्कूटरवरून पोहोचायची. कधी दिवसात एकाहून अधिक ठिकाणी. पोलीस तिला घेराबाहेर ठेवायचे, कारण ती बाई. पुरुष छायाचित्रकार आत गेलेले असायचे. ती ओरडायची, वाद घालायची आणि आत जायची. ६ जानेवारी १९८० रोजी सिसिलीच्या प्रांतिक सरकारचे प्रमुख पिएरसांती मात्तारेल्ला यांना कुटुंबासह चर्चला निघालेले असताना गोळ्या घातल्या गेल्या. गाडीतून त्यांना बाहेर काढणारा त्यांचा धाकटा भाऊ तिच्या फोटोत आहे. तो भाऊ सर्जो मात्तारेल्ला २०१५ पासून इटलीचे राष्ट्राध्यक्ष आहेत.

तिने फक्त मृतदेह टिपले नाहीत. रडणाऱ्या आया टिपल्या, गरिबीतल्या मुली टिपल्या, श्रीमंतांच्या मेजवान्या टिपल्या. १९७९ मध्ये तिने आणि तिचे सहकारी फ्रांको झेक्किन यांनी मोठ्या आकाराचे फोटो नेऊन कोर्लिओने गावाच्या चौकात मांडले. कोर्लिओने म्हणजे माफियांचा बालेकिल्ला. लोक आले, पाहिले आणि हळूच सरकले. त्या चौकात उभे राहून पाहणे हेसुद्धा धाडस होते. सिसिलीत या चुप्पीला ‘ओमेर्ता’ म्हणतात: पाहिले तरी पाहिले नाही, ऐकले तरी ऐकले नाही. आपल्याकडे शब्द नाही, चाल मात्र तीच आहे.

चौदा वर्षांनी बोललेला फोटो

जूलियो आंद्रेओत्ती हे सात वेळा इटलीचे पंतप्रधान झाले. माफियांशी संबंध असल्याचा खटला त्यांच्यावर उभा राहिला तेव्हा माफियांचा साथीदार मानला जाणारा उद्योगपती नीनो साल्वो याला आपण ओळखतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९९३ मध्ये तपास अधिकारी लेतित्सियाच्या संग्रहापर्यंत आले. तिथे १९७९ चे फोटो सापडले, एका हॉटेलातल्या कार्यक्रमाचे. फोटोत आंद्रेओत्ती आणि साल्वो एकत्र होते. आपण असा फोटो काढला आहे हे खुद्द तिलाही आठवत नव्हते.

इथे वाचकांना वाटेल की बस्स, सत्य जिंकले. तसे झाले नाही. आंद्रेओत्ती १९९९ मध्ये सुटले. २००३ मध्ये अपील न्यायालयाने १९८० पर्यंत त्यांचे माफियांशी संबंध होते असे नमूद केले, पण मुदत उलटून गेल्याने शिक्षा झाली नाही. गवाहीने शिक्षा होईलच असे नाही. पण ओळखतच नाही म्हणणाऱ्या इतक्या मोठ्या माणसासमोर चौदा वर्षे जुना फोटो उभा राहिला आणि तो इतिहासात नोंदला गेला.

त्याआधी १९८६ मध्ये पालेर्मोत माफियांविरुद्धचा महाखटला सुरू झाला होता. तुरुंगाला लागून खास तटबंदी न्यायालय बांधले गेले, सुमारे ४७५ आरोपी होते आणि १९८७ च्या डिसेंबरमध्ये तीनशेहून अधिक जणांना शिक्षा झाली. हे घडवणारे न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो यांना माफियांनी १९९२ च्या मे आणि जुलैमध्ये बॉम्बस्फोटांत मारले. त्या दोन्ही प्रसंगी लेतित्सियाला फोटो काढवले नाहीत. न काढलेले ते फोटो आपल्याला सर्वांत जास्त सलतात, असे ती नंतर सांगत असे. ती पालेर्मोच्या नगरपालिकेत आणि पुढे प्रांतिक विधानसभेतही निवडून गेली. २०१७ मध्ये तिने पालेर्मोच्या झीझा भागात छायाचित्रणाचे केंद्र उभारले. झीझा हे नावही अरबी ‘अल-अझीझ’वरूनच आले आहे. १३ एप्रिल २०२२ रोजी, ८७ व्या वर्षी, ती वारली.

माहितीपट बनवणारीही आपल्या ओळखीची

‘शूटिंग द माफिया’ची दिग्दर्शक किम लाँगिनोटो ही ब्रिटिश बाई. तिने १९९८ मध्ये झीबा मीर-होसैनी या अभ्यासक महिलेसोबत इराणच्या कुटुंब न्यायालयात तलाक मागणाऱ्या बायांवर माहितीपट केला. २०१० मध्ये बुंदेलखंडच्या गुलाबी गँगच्या संपत पाल यांच्यावर केला. आणि २०१३ मध्ये तमिळनाडूची मुस्लिम कवयित्री सलमा हिच्यावर. सलमाची वयात येताच शाळा सुटली, घराबाहेर पडणे बंद झाले, लग्नानंतर लपूनछपून कविता लिहून ती जगापर्यंत पोहोचली आणि पुढे गावच्या पंचायतीची अध्यक्ष झाली. पालेर्मोच्या कोंडलेल्या मुलीची आणि आमच्या तमिळ बहिणीची कहाणी एकाच दिग्दर्शिकेला दिसावी, हा योगायोग नाही. मुलीला त्रास देणारा मोकळा आणि मुलगी घरात, हा जुना हिशेब सगळीकडे तोच आहे. तो दीनचा हिशेब नाही, रिवाजाचा आहे.

पालकांसाठी एक सूचना. दोन्ही माहितीपटांत हिंसेची वर्णने आहेत, पालेर्मोच्या माहितीपटात मृतदेहांचे फोटो आहेत आणि लेतित्सिया आपल्या खासगी संबंधांबद्दल मोकळेपणाने बोलते. तिच्या आयुष्यातले सगळे काही आपण घ्यावे असे नाही. आधी मोठ्यांनी पाहावे, मग कॉलेजच्या वयातल्या मुलामुलींसोबत बोलावे. लहान मुलांसमोर लावू नये.

आपल्या हातातला कॅमेरा

भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून होमाई व्यारावाला यांचे नाव घेतले जाते. आता कॅमेरा प्रत्येकीच्या पर्समध्ये आहे. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’च्या पत्रकार बाया, बहुतेक दलित, मोबाइल घेऊन अवैध खाणींच्या माफियांपर्यंत जातात. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. हे काम धोक्याचे आहे, हेही लपवू नये. मुंबईत गुन्हेगारी विश्वावर लिहिणारे ज्येष्ठ पत्रकार ज्योतिर्मय डे यांना ११ जून २०११ रोजी पवईत गोळ्या घातल्या गेल्या. २०१८ मध्ये छोटा राजनला त्या खुनासाठी जन्मठेप झाली.

तस्वीरबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, पण ओळखपत्र, पासपोर्ट आणि पुरावा अशा गरजेसाठी मुभा देणारेच अधिक आहेत. मग पुराव्यासाठी काढलेला फोटो पुराव्यासारखाच वापरला पाहिजे. याबाबत काही गोष्टी घरात सर्वांना ठाऊक असाव्यात:

पहिली, काढलेला फोटो किंवा व्हिडिओ मूळ स्वरूपात जपून ठेवावा, कापू नये, त्यावर काही लिहू नये, फोन बदलला तरी तो फोन टाकू नये. नव्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

दुसरी, पीडित बाईचा चेहरा, नाव, घर कोणत्याही ग्रुपवर जाऊ नये. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि आपल्याकडे तर परदापोशी हे ईमानदाराचे काम मानले आहे. फोटो तपास करणाऱ्याला द्यावा, मोहल्ल्याला नव्हे.

तिसरी, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली हे कारण चालत नाही. ठाण्याने नकार दिला तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी, टपालाने कळवता येते आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तक्रारीची प्रत मोफत मिळते.

चौथी, साक्षीदाराला संरक्षण मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तसेच उत्पन्न कितीही असो, बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, महिलांच्या मदतीसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२.

यातली बरीचशी साधने कस्तुरबानगरच्या बायांना २००४ मध्ये नव्हती. ती असती तर अक्कू यादव तुरुंगात राहिला असता की नाही, हे अल्लाहलाच ठाऊक. कागदावरचा हक्क आपोआप वस्तीत उतरत नाही, तो मागावा लागतो आणि एकट्या बाईने मागितला तर पुन्हा तिचेच नाव गुंडापर्यंत जाते. दहा घरांनी मिळून मागितला तर कोणा एकाचे नाव उरत नाही. अटकेच्या वेळी त्या बायांनी सगळ्यांना अटक करा म्हणून जी एकी दाखवली, ती दहा वर्षे आधी, तक्रारीच्या वेळी, साऱ्या शहराने दाखवायला हवी होती.

अरबीत ‘शहीद’ आणि ‘शाहिद’ एकाच धातूतून येतात. जीव देणारा आणि पाहिलेले सांगणारा यांच्यात भाषेनेच नाते ठेवले आहे. सूरह निसामध्ये ईमानवाल्यांना इन्साफवर ठाम राहण्याची आणि अल्लाहसाठी गवाही देण्याची ताकीद आहे, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा नातेवाइकांविरुद्ध का जाईना. सूरह बकरामध्ये गवाही लपवणाऱ्याच्या दिलाला गुनाहगार म्हटले आहे. आपण रोजे, नमाज, जकात यांची आठवण मुलांना रोज करून देतो. शाळेच्या वाटेवर कोणी एखाद्या मुलीला त्रास देताना दिसला, गल्लीत कोणी कमजोर माणसाला लुबाडताना दिसला, आपल्याच घरातल्या मुलाने कोणावर हात उचलला, तर जे पाहिले ते खरे सांगणे हेही फर्जच्या जवळचे काम आहे, हे त्यांना आपण कितीदा सांगतो? या महिन्यात दस्तरख्वानवर एकदा हा विषय निघू द्या. मुलांना विचारा, त्यांनी अलीकडे काय पाहिले आणि ते कोणाला सांगितले. उत्तर ऐकायला मात्र थोडा वेळ काढून बसा.